शनिवार तेवढा चुकवू नकोस

मुख्याध्यापकांनी कब-बुलबुलचं, म्हणजे लहानग्या स्काउट-गाइडांचं काम तुझ्या गळ्यात टाकलं म्हणून तू खट्टू झाली आहेस, ते फोनवरच कळलं मला. साहजिक आहे गं. मोखाड्यात रुजू होऊन तुला वर्षही झालेलं नाही. दोन इयत्तांचा एकच वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती, केंद्रावरच्या बैठका, आणि त्यात आता हे. ताईजवळ मन मोकळं केलंस ते बरं झालं. आता थोडं माझं ऐक.

मला जे कळकळीने सांगायचं आहे ते आधीच सांगते. हे काम आपखुशीचं आहे. बहुतेक सगळीकडे ते तसंच चालत आलंय आणि मुळात कुणी कुणावर लादायचं ते नव्हेच. दहा वर्षांखालच्या मुलांचं पथक एका गोष्टीवर उभं राहतं. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, एक मोठं माणूस मनापासून येतं की नाही. चौदा वर्षांचा स्काउट तुझ्यावाचूनही आपला संघ जमवेल, तंबू ठोकेल, चूल पेटवेल. सात वर्षांचा कब मात्र तुझ्या तोंडाकडे बघत असतो. तू वैतागलेली असलीस की त्याचा खेळ तिथेच संपतो. म्हणून आज रात्री शांतपणे विचार कर, पुढचं वर्षभर दर शनिवारी एक तास तू देऊ शकशील का? जमणार नसेल, तर मुख्याध्यापकांना सरळ नाही म्हण. त्यात काही कमीपणा नाही. पण हो म्हणालीस, तर मग आपलं म्हणून कर.

आणि तुझ्या आधी हे काम कुणी हाती घेतलं, तेही ऐकून ठेव. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांना घेऊन स्काउटांचं पहिलं शिबिर भरवलं, हे प्रत्येक पुस्तकात असतं. त्यानंतर काय झालं ते मला जास्त जवळचं वाटतं. स्काउटांची पथकं जमू लागली आणि त्यांचे धाकटे भाऊ कुंपणापाशी येऊन उभे राहू लागले. आम्हालाही घ्या म्हणून मागे लागले. मोठ्यांचे खेळ त्यांना झेपणारे नव्हते आणि घरी जा म्हटलं तर जात नव्हते. काही पथकांनी आपापल्या परीने त्यांना सामावून घेतलं आणि १९१४ साली ‘वुल्फ कब’ नावाची वेगळी योजना आली. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. स्काउटमास्तर आघाडीवर गेले. मुलांची पथकं सांभाळणार कोण? बायकांनी सांभाळली. तेव्हा नाक मुरडणारे पुष्कळ होते. मुलग्यांना बाईमाणूस काय शिकवणार, असा त्यांचा सूर.

त्या बायकांतली एक व्हेरा बार्कले. हर्टफर्ड हीथ नावाच्या खेड्यात लहान मुलांचं पथक चालवणारी. १९१५ च्या सुरुवातीला तिने स्काउटांच्या मुखपत्रात लेख लिहून स्त्रिया हे काम कसं करू शकतील ते मांडलं. युद्धातल्या जखमींसाठी उघडलेल्या रुग्णालयात ती सेवा करत होती, तिथून बेडन-पॉवेल यांनी तिला १९१६ साली मुख्यालयात बोलावून घेतलं आणि कबांचं सगळं काम तिच्याकडे सोपवलं. त्याच वर्षी ‘द वुल्फ कब्ज हँडबुक’ आलं, त्यात तिचा मोठा वाटा होता. तेव्हा ती बाविशी-तेविशीची होती. तुझ्याहून लहानच म्हण ना! मुलींचंही तसंच. गाइडच्या धाकट्या बहिणींसाठी १९१४ मध्ये ‘रोझबड’ निघालं, वर्षभरात त्याचं ‘ब्राउनी’ झालं, आणि आपल्याकडे आज त्याच वयाच्या मुली बुलबुल होतात.

आपल्या देशात गोष्ट आणखी वेगळी. १९०९ साली बंगळूरला पहिलं पथक निघालं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती. मग श्रीराम वाजपेयींनी शाहजहानपूरला भारतीय मुलांसाठी काम सुरू केलं. ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी १९१६ मध्ये मद्रासला इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन काढली. पुढे अलाहाबादच्या सेवा समितीमार्फत मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या स्काउट संस्था एक होऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली, १५ ऑगस्ट १९५१ ला गाइडही तीत आल्या. ज्या चळवळीचं दार आपल्या पोरांना बंद होतं, तिचा स्कार्फ आज मोखाड्याच्या पाड्यावरच्या लेकराच्या गळ्यात येतोय. फुकट मिळालेलं नाही हे, कुणी तरी भांडून मिळवलेलं आहे. मुलं मोठी झाली की हेही त्यांना सांग.

कामाची माहिती तुला कोर्समध्ये मिळेल, मी पसारा घालत नाही. सहा-सहा मुलांचा एक सिक्स, त्याचा म्होरक्या सिक्सर. असे चार सिक्स झाले की पथक भरलं. बोधवाक्य ‘कोशिश करो’. वचन, नियम, रोज एक सत्कृत्य. कबांसाठी प्रवेशानंतर प्रथम चरणापासून चतुर्थ चरणापर्यंतच्या पायऱ्या, बुलबुलांसाठी कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख, आणि दोघांसाठी शेवटी गोल्डन ॲरो. सत्कृत्याची एक जुनी पद्धत मला फार आवडते. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि दिवसभरात कुणाच्या तरी उपयोगी पडलं की सोडायची. पहिलीतल्या पोरालाही ते समजतं. वहीत सत्कृत्यं लिहून घेऊ नकोस मात्र. लिहायला लावलं की मुलं खोटं लिहायला शिकतात.

आता जंगलाकडे येऊ, कारण तुझं काम इथेच इतरांपेक्षा वेगळं आहे.

कबांची सगळी मांडणी किपलिंगच्या ‘द जंगल बुक’वर उभी आहे. १८९४ चं पुस्तक. किपलिंग १८६५ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला, त्याचे वडील तिथे शिकवत. बेडन-पॉवेल यांनी त्याच्या परवानगीने मोगली, अकेला, बालू, बघीरा यांना कबांच्या खेळात आणलं. लंडन-मँचेस्टरच्या पोरांनी जंगल कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांच्यासाठी गोष्टीतलं जंगल उभं करणं भाग होतं. तुझ्यासमोर बसणाऱ्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी मुलांचं काय? त्यांच्या घराच्या कुडापलीकडे जंगल सुरू होतं. करवंदं कुठल्या जाळीत आधी पिकतात, पहिल्या पावसात खेकडे कुठल्या ओहोळात निघतात, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे त्यांना तुझ्याआधी माहीत असतं. तू त्यांना जंगलाची ओळख करून द्यायला उभी राहिलीस, तर ती मान डोलवतील आणि मनातून निघून जातील.

आणि वाघ! जंगल बुकात शेरखान हा खलनायक, मोगली त्याला मारतो. पण तुझ्या पाड्याच्या वेशीवर वाघदेव आहे. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. वाघबारशीला गुराखी पोरं त्याची पूजा करतात, नैवेद्य होतो. ज्या मुलाने दिवाळीच्या तोंडावर वाघोबाला हात जोडले, त्याच्यासमोर तू वाघाला मारल्याची गोष्ट रंगवून सांगितलीस तर त्याला काय वाटेल, याचा विचार कर. गोष्ट सांगू नको असं नाही माझं म्हणणं. अकेलाची गोष्ट सांग, बालू सगळ्या पिल्लांना जंगलाचा कायदा शिकवतो ती सांग, मुलांना ती आवडतेच. शेरखानाशी आलीस की थांब आणि विचार, तुमचा वाघोबा कसा आहे रे? मग बघ. एरवी तोंड न उघडणारी पोरं एकमेकांना अडवत बोलू लागतात. कुणाच्या आजोबांची गाय वाघाने सोडून दिली, कुणाच्या घरी वाघाचं नाव काढत नाहीत. ती गोष्ट त्यांच्याच बोलीत येऊ दे, मध्येच शब्द सुधारत बसू नकोस. त्या दिवशीची सभा तेवढ्यावर झाली तरी चालेल.

किमचा खेळ तुला कोर्समध्ये शिकवतील. तोही किपलिंगचाच, १९०१ च्या ‘किम’ कादंबरीतला. चोवीस वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघू द्यायच्या, झाकायच्या, आणि आठवतील तेवढ्या सांगायच्या. लहानांना बारा पुरेत. शहरात पेन, किल्ली, बटण, नाणं मांडतात. मी जव्हारकडे होते तेव्हा एकदा सागाच्या मोठ्या पानांवर हिरडा, बेहडा, नागलीचं कणीस, वरईची लोंबी, सागाचं बी, चिंचोका, शेवरीचा कापूस, गोगलगायीचा शंख, मोहाची टोळंबी, खेकड्याची नांगी असं काय काय मांडलं होतं. कातकरी वस्तीवरचा एक मुलगा होता, वर्गात विचारलं की खाली बघायचा. वरून पंचा टाकला आणि त्याने एका दमात सगळ्या वस्तू सांगितल्या, मांडल्या होत्या त्याच क्रमाने. पुढे हळूच म्हणाला, बाई, नांगी नदीतल्या खेकड्याची नाही, शेतातल्या खेकड्याची आहे. मी नांगी उचलून पुन्हा पाहिली. मला तर दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मग त्यानेच सगळ्यांना फरक दाखवला, रंग कुठे गडद असतो, आतली धार कशी असते. पुढच्या शनिवारी वस्तू आणायचं काम त्याच्याकडे दिलं. तो कधी गैरहजर राहिला नाही.

हे मी नवीन काही सांगत नाहीये. आपल्याच जिल्ह्यात, डहाणूच्या बाजूला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच करून दाखवलं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा भरवली. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून बिया, शिंपले, पानं, काड्या, माती यांतून सगळं उभं केलं. त्या टेकडीवर एकदा जाऊन ये. कब-बुलबुलचं कुठलंही पुस्तक वाचण्याआधी मी अनुताई वाचायला सांगेन तुला. लहान मुलांसाठी काम करणाऱ्या बाईला आपल्याकडे इतकं मोठं माहेर आहे आणि आपण प्रेरणेसाठी लांब लांब बघत बसतो, याचं मला वाईट वाटतं.

काही गोष्टी करू नकोस, असं ताईच्या हक्काने सांगते.

गणवेशाची सक्ती करू नकोस. पूर्ण गणवेश, टोपी, बूट, मोजे यांचा खर्च ज्या घरात बसत नाही, त्या घरातलं मूल पहिल्या शनिवारी येतं आणि दुसऱ्या शनिवारी लाजून घरी थांबतं. गळ्यात स्कार्फ आणि तो अडकवायचं वॉगल एवढं पुरे. वॉगल तर बांबूच्या पेरातून मुलंच कापून देतील, बाजारातल्यापेक्षा सुंदर.

‘खरी कमाई’ जपून कर. शहरातल्या मुलांनी स्टॉल लावून भेळ विकावी, कष्टाचा पैसा कसा असतो ते कळावं, ठीक आहे. तुझी मुलं वीटभट्टीवर आईबापांच्या हाताखाली राबून आलेली असतात, विटा उलटून ठेवलेल्या असतात त्यांनी. त्यांना कमाईचा धडा कसला देतेस? त्यांना खेळायला मिळालं पाहिजे. त्यासाठीच तर हा तास आहे.

मेळाव्याच्या मागे लागून वर्ष घालवू नकोस. जिल्ह्याचा कब-बुलबुल उत्सव असला की वर्गात दोन महिने एकच नाच बसवला जातो, चार गोऱ्यागोमट्या, चुणचुणीत मुली पुढे आणि बाकीचे टाळ्या वाजवायला. मला हे बघवत नाही. न्यायचं तर सगळ्यांना ने. त्यांना तारपा येतो, गोल धरून एकमेकांच्या कमरेत हात घालून पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकणं त्यांना शिकवावं लागत नाही. जे येतं तेच घेऊन जा.

आणि उपाशी पोटी खेळ घेऊ नकोस. जव्हार-मोखाड्याचं कुपोषण काही वर्तमानपत्रातली जुनी बातमी नाही. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत लेकरं दगावली तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता, आणि काळजी अजून सरलेली नाही. शनिवारी सकाळची शाळा असते. खिचडी वाढून झाल्यावर अर्धा तास विश्रांती आणि मग सभा घे, मूल ताजं असतं. शाळेच्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमाच्या तासिकेत बसवता आलं तर त्याहून उत्तम, म्हणजे लांबच्या पाड्यावरच्यांना जास्त थांबावं लागणार नाही. उन्हाळ्यात मोखाड्याचं पाणी आटलं की नऊ-दहा वर्षांच्या मुलींना हंडे घेऊन जावं लागतं, त्यांची वेळ आधी विचारून घे. काही जणी कडेवर धाकटं भावंड घेऊन येतील. येऊ दे. कब-बुलबुलांहून लहान मुलांसाठी आता ‘बनी’ नावाचा विभागसुद्धा आहे, तेव्हा त्या धाकट्यांना हाकलायचं कारण नाही. कुंपणापाशी उभ्या राहिलेल्या धाकट्यांमुळेच तर कब जन्माला आले!

सगळ्यात अवघड काळ दिवाळीनंतरचा. तुला त्याचा अनुभव अजून यायचा आहे. एका सोमवारी शाळेत येशील आणि निम्मे चेहरे दिसणार नाहीत. भिवंडी, वसई, वाडा, कुठे कुठे भट्ट्यांवर कुटुंबं गेलेली असतील. तुझा सर्वांत हुशार सिक्सर त्यात असेल. तेव्हा पथक मोडलं असं समजू नकोस आणि त्याची जागा लगेच दुसऱ्याला देऊही नकोस. त्याच्या खालच्या मुलाला सांग, तो येईपर्यंत तू सांभाळ. त्याचं नाव दर सभेला घे. गेलेल्यांना शिक्षण हमी कार्ड मिळालंय का ते स्वतः बघ, म्हणजे तिकडच्या शाळेत त्यांना बसता येईल. गावात हंगामी वसतिगृह असेल तर आईबापांशी आधीच, दसऱ्याच्या सुमारास, बोलून ठेव. आजी-आजोबा मागे राहणार असतील तर बऱ्याचदा एखाद-दुसरं मूल थांबतं. गेलेलं मूल होळीला दोन दिवसांसाठी जरी परतलं, तरी त्याला कळलं पाहिजे की शनिवारी बाई तिथेच असते. पथकातलं माझं सगळं शहाणपण एवढंच आहे बघ.

आणि हे सगळं एकटीने करू नकोस. कामाच्या सोयीसाठी जितकं सांगतेय, तितकंच मुलांच्या सुरक्षेसाठीही. लहान मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत, रानात जाताना तर हवीतच. दुसरं माणूस शाळेतलंच असावं असं नाही. अंगणवाडी सेविका बघ, आश्रमशाळेतून दहावी होऊन घरी बसलेली एखादी मुलगी बघ, नाही तर ज्यांना झाडपाला कळतो अशा एखाद्या आजी. त्यांना मान दे, मुलांसमोर त्यांना विचारत जा. कुठल्या ओढ्याला किती पाणी येतं हे तुला माहीत नाही, त्यांना माहीत आहे. पावसात ओहोळ ओलांडायचा कार्यक्रम ठेवूच नकोस. साप चावला तर काय करायचं ते मुलांना पहिल्याच महिन्यात शिकव. पळायचं नाही, अंग हलवायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मोठ्यांना हाक मारायची, १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं कुटीर रुग्णालय, जे जवळ पडेल ते. मुलांनी घरी जाऊन हे आजोबांना सांगितलं, तर तेच त्या आठवड्याचं सत्कृत्य समज. पाड्यावरच्या भगताशी वैर धरू नकोस. त्याच्याशी बोल, साप चावलेलं माणूस आधी गाडीत घाला आणि मग तुम्ही बरोबर या, असं सांग. पुष्कळ भगत ऐकतात.

प्रशिक्षणाला जायला मिळेल तेव्हा जा. मुलग्यांचं पथक घेणार असलीस तर लेडी कबमास्टरचा, मुलींचं घेणार असलीस तर फ्लॉक लीडरचा बेसिक कोर्स, नंतर ॲडव्हान्स, मनात असेल तर पुढे हिमालय वुडबॅज. कोर्समध्ये गाठी, गाणी, खेळ भरपूर मिळतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या तुझ्यासारख्याच बाया तिथे भेटतात, रात्री झोपायच्या आधी आपापल्या शाळांचं बोलतात. माझ्या मैत्रिणी त्यातूनच झाल्या आहेत. पण कोर्स होईपर्यंत थांबून राहू नकोस.

सोमवारी मुख्याध्यापकांना काय ते सांग. हो म्हणालीस तर स्काउट-गाइडच्या जिल्हा संघटकांच्या कार्यालयात पथकाची नोंदणी कशी करायची ते विचारून घे, शुल्क शाळेच्या खर्चातून भरता येतं का तेही विचार, मुलांकडून गोळा करू नकोस. पहिल्या शनिवारी वचन, नियम, कवायत काही नको. गोल बसव, स्वतःचं नाव आणि आवडतं झाड सांगायला लाव, किमचा खेळ घे, त्यासाठी वस्तू मुलांनाच येताना आणायला सांग. माझ्याकडे दोन दोऱ्या आहेत, रीफ गाठ शिकवायला बऱ्या, एक तांबडी आणि एक पांढरी, म्हणजे कुठलं टोक कुठून गेलं ते मुलांना दिसतं. जव्हारच्या एसटीने कुणी येणारं असलं की पाठवून देते.